गिरणीचा बुधवार

मी, पिठाच्या गिरणीची मालकीण, वय बहात्तर, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे, त्यांची सही खाली आहेच.

१. गिरणीमागच्या राहत्या खोल्या आणि बँकेतली शिल्लक मुलगा व सून यांना निम्मी-निम्मी.

२. दगडाला टाकी लावायची छिन्नी आणि हातोडा मुलाला. दगड गुळगुळीत झाला की दळत नाही, नुसता तापतो. मग गिरणी थांबवून त्याला टाकी लावून पुन्हा खरखरीत करावे लागते. त्यासाठीच माझ्या नवऱ्याने बुधवारची सुट्टी ठेवली. ते दगडापाशी बसत आणि मी टेकडीमागच्या रानात जाई.

३. नणंदबाईंना माझी छत्री. "झाडं बघून पोट भरतं का गं?" असे त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. पोट गिरणीने भरले, वन्सं. रानाने डोके शांत ठेवले, म्हणून तर तुमचे ऐकून घेतले. ही छत्री घेऊन एकदा तरी तिकडे जाऊन या.

४. गिरणी. हे कलम नीट वाचावे.

आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात, गिरणीवाल्यांची ती खोडच. सून आली तेव्हा हळू बोलायची. मग तीही ओरडू लागली आणि गेल्या वर्षी बोलायचीच थांबली. जेवण तुटले, झोप उडाली. एका बुधवारी ती बॅग भरून पलंगावर बसलेली दिसली. मी म्हटले, "बॅग राहू दे, चल माझ्याबरोबर." रानातल्या ओढ्याकाठी बराच वेळ बसलो. पाण्यात पाय सोडून ती म्हणाली, "आई, इथं हळू बोललं तरी ऐकू येतं." मला रडू आले. मग दर बुधवारी गेलो. ती जेवू लागली, हसू लागली, नवऱ्याला चार शब्द सुनावूही लागली. आता मला चालवत नाही, ती एकटीच जाते.

मुलगा मात्र गिरणी सातही दिवस चालवायच्या गोष्टी करतो. मी डोळे मिटले की पहिल्याच बुधवारी हा बटण दाबणार, हे सांगायला ज्योतिषी नको. सबब, गुरुवार ते मंगळवार गिरणी मुलाच्या मालकीची. बुधवारची गिरणी सुनेच्या मालकीची, किल्लीसकट. त्या दिवशी दार उघडायचे की नाही, ते तिने ठरवायचे. तिच्यावर कोणी डोळे वटारायचे नाहीत.

काल हा मसुदा वाचून दाखवला तेव्हा मुलगा म्हणाला, "आणि ती नाही म्हणाली तर?"

तर तिच्याबरोबर जा, बाळा. लग्नाला इतकी वर्षे झाली, तिचा आवाज तू अजून नीट ऐकलेला नाहीस.

लिहून ठेवणार: (सही) गिरणीवाली

साक्षीदार:
१. (सही) घरचे डॉक्टर
२. (सही) समोरचा सायकलवाला, वाचून मगच सही केली

ठिकाण: गिरणीमागची खोली
दिनांक: १२ मार्च २०२५, बुधवार