हा रस्ता नाही

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. गुडघा अजून कुरकुरतो का? आम्ही उभयता ठणठणीत आहोत (भावजयीच्या पायाचे पुढे सांगतो). भावोजी गेल्यापासून तू त्या तिसऱ्या मजल्यावर एकटी असतेस. पण आमच्याकडे राहायला येण्याचा विषय मी पुन्हा काढणार नाही. "चिटपाखरू नसलेल्या उपनगरात मी काय तप करायला येऊ?" हे तुझे फोनवरचे शब्द शिरोधार्य मानून आज केवळ एका शास्त्रीय कोड्याविषयी लिहितो.

मैदानाला वळसा घालणारा चांगला बांधलेला रस्ता असतो, तरीही गवतातून एक तिरकी पायवाट उमटलेली असते, हे तू पाहिलेच असशील. ती कोण आखतो? कोणीच नाही! (खरी गंमत इथेच आहे.) पहिला माणूस घाईत असतो, त्याच्या पायाखाली थोडे गवत लवते. दुसऱ्याला वाटते, ज्याअर्थी कोणी गेले, त्याअर्थी विचार करूनच गेले असणार. तिसऱ्याला विचार करण्याची गरजच उरत नाही. अशी एक पायवाट आमच्या परसातून जाते. दवाखाना, वाचनालय, भाजीबाजार, सारे हाकेच्या अंतरावर आहे, असे घर विकताना दलालाने सांगितले होते. ते अक्षरशः खरे निघाले. फक्त ती हाक आमच्या परसातून मारावी लागते. रस्त्याने गेल्यास भला मोठा वळसा पडतो. म्हणून अवघी वसाहत आमचे वाळत घातलेले कपडे बाजूला सारत बाजाराला जाते.

तुझी भावजय म्हणाली, "एक तर भिंत घाला, नाहीतर मी तिकीट लावते." मी पद्धतशीर उपाय योजले. प्रथम कुंड्या आडव्या मांडल्या. लोकांनी त्या अत्यंत सौजन्याने दोन्ही बाजूंना सरकवल्या आणि वाटेला शोभिवंत किनार आली. मग विटा रचल्या. त्यांची कोणीतरी पायरी केली. शेवटी "हा रस्ता नाही" अशी ठळक पाटी लावली. ताई, ही माझ्या तर्कातली घोडचूक! जिथे रस्ता नाही, तिथे अशी पाटी कोण कशाला लावील? ज्यांना ठाऊक नव्हते, तेही येऊ लागले.

अखेर गवंड्याला सांगावा धाडला. तो यायच्या आदल्या दिवशी मी वाचनालयात असताना भावजय परसात पाय मुरगळून पडली. मी धावत आलो, तो वाटेने चाललेल्या शिंपीणबाईंनी तिला खुर्चीत बसवले होते, दवाखान्यातली परिचारिका पाय बांधत होती आणि एक अनोळखी गृहस्थ आमच्या स्वयंपाकघरात चहा करत होते. (साखर कुठे असते, हे त्यांना माझ्याआधी सापडले.) दुसऱ्या दिवशी गवंडी आला, तेव्हा भावजय खुर्चीतूनच म्हणाली, "भिंत राहू दे हो दादा. त्या विटांच्या पायरीला तेवढा कठडा बसवून द्या." कठडा छान झाला आहे.

तुझा,
मास्तर

ता. क. : विषय काढणार नाही, असे मी पत्रात म्हटले होते. ताज्या कलमाला ते बंधन लागू नाही. ये.

आणखी एक ता. क. : माझ्या शब्दावर विसंबू नकोस, प्रयोग कर. माणसे जातात-येतात तिथे गवत उगवत नाही. बसतात-उठतात तिथे धूळ साचत नाही. तुझ्या बैठकीतली दुसरी खुर्ची आठवडाभर पुसू नकोस, मग तिच्यावर बोट फिरव. बोट स्वच्छ निघाले, तर मी हरलो. नाही निघाले, तर बोट पूस आणि बॅग भरायला घे.