दुधातून द्यायचं औषध

॥ श्रीगुरुबसव प्रसन्न ॥
नळदुर्ग, ता. ६ फेब्रुवारी १९४४

ती. अण्णांस,
धाकट्या गंगम्माचा शि. सा. न. वि. वि.

इकडं समदे खुशाल. वैनीनं धाडलेल्या शेंगाच्या चटणीचा तुमच्या दाजींनी एका बैठकीत फडशा पाडला, मला बोट चाटायलाही ठेवली न्हाय.

मागं शेजारणीसाठी अशक्तपणाचं औषध मागवलं होतं, ती शेजारीण म्हणजे आमची रहिमतबी. बाळंत झाल्यापासून ताप अंगात मुरलाय, छातीला दूध न्हाय, पोरगी रडून रडून दमते. नवरा लष्करात, लांब. तुमची दशमूलारिष्टाची बाटली मी मोठ्या भरवशानं नेली. तिनं बूच काढून वास घेतला अन् बाटली माझ्या हातात परत दिली. दारूचा वास येतो म्हणाली, आमच्यात हराम म्हणाली. अण्णा, मला लई राग आला. आपण गळ्यात लिंग बांधणारी, दारू-मटणाला न शिवणारी माणसं, आपल्या घरची बाटली दारूची असंल व्हय?

पण राग धरून काय करू? ती डोळ्यांदेखत वाळत चाललीय. आता दुधात मिसळूनच द्यावं म्हणते. माझ्या हातचं दूध ती न इचारता पिते. किती घालू तेवढं उलट टपाली कळवा.

धाकटीवर माया आहे ती अशीच असू द्यावी.
गंगम्मा


मुरुम, ता. ९ फेब्रुवारी १९४४

चि. सौ. गंगम्मास,
शिवशरणचे अ. उ. आ.

थेंबभरही घालू नकोस. हे आधी वाच, मग बाकीचं.

तिचं नाक खोटं न्हाय. गूळ अन् धायटीची फुलं घालून बरणीचं तोंड बांधतो, आत ते आंबतं, तेव्हा कुठं अरिष्ट होतं. आपल्याला ते औषध, तिला ती नशा. तू नुसतं 'शेजारीण' लिहिलंस. नाव लिहिलं असतंस तर ही बाटली धाडलीच नसती. वैद्यानं इचारायला पाहिजे होतं, ते माझंही चुकलं.

इथले मौलवीसाहेब खोकल्याचं औषध न्यायला आले, त्यांना इचारलं. ते म्हणाले, दुसरा इलाजच नसंल अन् जीव जात असंल तर त्यांच्यात मुभा आहे. पण दुसरा इलाज असताना न्हाय. अन् कुणी लपवून पाजलं तर गुन्हा पिणारीचा न्हाय, पाजणारीचा. ऐकलंस का, रागीटबाई?

दुसरा इलाज आहे. तीच दहा मुळं कुटून सोबत धाडतोय. नुसत्या पाण्यात उकळ, चौथा हिस्सा उरला की गाळ अन् ताजाच दे. आंबायचा प्रश्नच न्हाय. लई कडू लागंल, तेवढं तिला आधीच सांग.

दाजींना नमस्कार, अन् रागाच्या भरातही भावाला इसरू नकोस.
शिवशरण


नळदुर्ग, ता. २ मार्च १९४४

ती. अण्णांस,
गंगम्माचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा दुधाचा पेला माझ्या हातात होता. उत्तराला उशीर होतोय म्हणून अंदाजानंच घातलं होतं. पत्र वाचलं, पेला मोरीत ओतला, अन् तशीच तिच्याकडं जाऊन समदं सांगून टाकलं. वाटलं, आता ही माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार न्हाय. पण तिनं काढा मागितला अन् तोंड वाकडं करत पिऊन टाकला. आता ताप गेलाय, अंगावर दूध आलंय, पोरगी पोट भरून झोपते. मुळं आणखी धाडा.

अन् अण्णा, काल तिनं एक सांगितलं. गेल्या पावसाळ्यात मी तापानं बेशुद्धीत होते ना, तेव्हा हकीम तिला म्हणाला होता की मटण उकळून त्याच्या पाण्याची यखनी कर अन् डाळीच्या पाण्यातून पाज, हिला कळणारसुद्धा न्हाय. तिचा हात धजला न्हाय. आमच्याच चुलीवर, आमच्याच भांड्यात तिनं दिवसभर मुगाचं कढण करून मला चमच्यानं पाजलं.

शुद्धीवर आल्यावर, कढण अळणी केलंस म्हणून मी तिला बोलले होते.

आम्हा दोघींनाही तुमच्या आशीर्वादात ठेवावं.
गंगम्मा