पहिली ओळ दिल्यावर

प्रिय डेल्फिया,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच कचऱ्यात टाकशील, म्हणून वरचा पत्ता पोस्टातल्या मुलीकडून लिहून घेतला आहे. अकरा वर्षांनी लिहिते आहे. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे. आणि हसू नकोस, एकाहत्तराव्या वर्षी तुझ्या बहिणीनं नाटकात काम केलं.

नाटक सगळं गाण्यांचंच. कंट्री गाणी गाणाऱ्या बायांचं. डोंगरातल्या परसापासून रेडिओपर्यंत आणि तिथून थेट चमचमत्या झग्यांपर्यंत. बसवायला लेक्सिंग्टनहून मार्सी नावाची पोर आली. आपल्या जुन्या शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये स्टेज बांधला. गावातल्या निम्म्या बायका त्यात होत्या. आयसीला तेवढं तिकिटांवर बसवलं, कारण तिचा सूर तुला ठाऊकच आहे. मला पहिलाच प्रवेश दिला. धुण्याच्या टबापाशी बसलेली डोंगरातली आई, साथ नाही काही नाही, एकटीनं भजन म्हणायचं आणि ते संपलं की फिडलवाल्याचा गज सुरू. मार्सी म्हणाली, "रीथाबाई, पुढच्या सगळ्या गायिका जिच्याकडून शिकल्या, ती ही बाई." मी म्हटलं, "अगं, आमच्या घरात जी शिकली ती मिशिगनला गेली. मी नुसती टब घासणारी." पण भजन मी आईचंच निवडलं, ते नदीचं.

तालमीत ते म्हणताना रोज तू आठवायचीस. ओळ संपता संपता आवाज हलकेच वर उडवायची आईची लकब फक्त तुझ्यात उतरली. माझ्यात नाही. मी किती घोटली, पण माझा आवाज उडायच्या जागी खोकतो. तू खाणकामगारांच्या बिअर हॉलमध्ये गिटार घेऊन गायलीस आणि चर्चचे एल्डर असलेल्या बाबांनी तुझं ताट टेबलावरून कायमचं उचललं, तेव्हा मी खाली मान घालून घेवड्याचं कालवण खात राहिले. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. आता घरात गाणारी मी एकटी, असं वाटलं. पण त्यानंतर आई जेव्हा जेव्हा गायची, तेव्हा ती तुझ्यासाठीच गायची, हे मला रोज ऐकू यायचं.

शनिवारी दुपारी पहिला प्रयोग होता. तीनशे माणसं. पडदा सरकला, समोर लाकडी बाकांवर सगळी आपलीच म्हातारी डोकी, आणि माझं काय झालं देव जाणे. मी पहिली ओळ भराभर म्हटली आणि थांबले. चर्चमध्ये थांबतात तशी. जन्मभर तेच ऐकलं ना, पुढच्यानं ओळ द्यायची, थांबायचं, मग सगळ्यांनी ती लांबवत म्हणायची. त्यातही ओळ द्यायची ती पुरुषानं. मी बाईमाणूस, तीही नाटकात, ओळ देऊन बसले! पडद्याआडून मार्सी हातवारे करत होती, "पुढे, पुढे!" आणि मग खालून उत्तर आलं. आधी चर्चमधल्या क्लेलचा घोगरा आवाज, मग दहा-वीस, मग अख्खा हॉल. मी दुसरी ओळ दिली. पुन्हा उत्तर आलं. चार मिनिटांचा प्रवेश अकरा मिनिटं चालला.

तिसऱ्या ओळीला मला तो आवाज ऐकू आला. डावीकडून, मागच्या दाराजवळून. सगळ्यांची ओळ संपली तरी तो जरा उरला आणि हलकेच वर उडाला. माझ्या हातातलं ओलं कापड टबात पडलं. दिव्यांमुळे मला दिसत काहीच नव्हतं. पुढच्या प्रत्येक ओळीला तो आवाज होता.

माझा प्रवेश संपताच मी ॲप्रनसकट बाहेर धावले. गाड्यांमधून मिशिगनची नंबरपाटी शोधत फिरले. नव्हती. आयसीला विचारलं तर म्हणाली, "एक म्हातारी आत्ताच उठून गेली की. करडा कोट होता. तोंड काही दिसलं नाही, पण चाल अगदी तुझ्या आईची गं." रविवारच्या प्रयोगात मी ओळ देऊन मुद्दाम थांबले, लोकांनीही मुद्दाम म्हटलं, पण तो आवाज आला नाही. तेव्हापासून भांडी घासताना गुणगुणायचं मी सोडलं आहे. ओळ ओठांवर आली की गिळून टाकते. रिकाम्या घरात कुणी उत्तर दिलं तर?

आता जे इतकी वर्षं लपवलं ते लिहिते. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा आधी का नाही कळवलं म्हणून तू रागानं फोन केलास आणि मी म्हणाले, सगळं फार अचानक झालं. अचानक नव्हतं, डेल्फिया. ती नऊ महिने अंथरुणावर होती. रोज विचारायची, "डेल्फीला कळवलंस?" मी रोज सांगायची, "कळवलं. यायची नाही म्हणाली." मी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. तिचं सगळं मी करायची आणि तिच्या तोंडी नाव तुझं, ते मला सोसवेना. शेवटच्या आठवड्यात तिनं विचारणंही बंद केलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

क्षमा मागायचं तोंड मला नाही. एवढंच विचारायला लिहिते आहे, की शनिवारी ती तू होतीस का? असशील तर दोन शब्द लिही, शिव्या लिहिल्यास तरी चालतील. आणि नसशील, तरीही "मीच होते" असंच लिही. मी आईशी तुझ्याबद्दल खोटं बोलले, तुझ्याशी आईबद्दल खोटं बोलले. एकदा तू माझ्याशी खोटं बोल. कारण ती तू नसशील, तर मग ती आई होती, आणि माझ्या प्रत्येक ओळीला ओ देऊन ती मला न भेटताच निघून गेली.

तुझीच, तू मानलंस तर,
रीथा