डावखुऱ्याची पट्टी

१५ एप्रिल, सोमवार

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. माझे गुडघे कुरकुरतात, पण फाटकापर्यंत नेऊन आणतात. तक्रार नाही.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी मी धुणं वाळत घालत होते. चादरीचं एक टोक दोरीवर, दुसरं दातांत. तुमचे दादा पायरीवर बसून तुमच्या रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होते. म्हणाले, "अगं, हे टोक धर जरा." मी म्हटलं, "मला हात दोनच आहेत. कशीही गुंडाळा, पट्टी ती पट्टीच." तर म्हणाले, "डावखुऱ्याची उलट्या बाजूने गुंडाळतात. नाहीतर खेळताना सुटत जाते." मी काही टोक धरलं नाही. त्यांनी ते पायाच्या अंगठ्यात धरलं.

हे आत्ता आठवलं ते नातीमुळे. ती सुट्टीत महिनाभर येतेय. फोनवर विचारते, "आजी, तुझ्याकडे नुसती पुस्तकंच. खेळायचं कशाशी?" म्हणून शनिवारी बॅडमिंटनचा सेट आणायला गेले. आधी वाचनालयातून पुस्तक आणून अभ्यास केला होता, माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. दुकानदाराने जडशीळ रॅकेट, जाळी, खांब असं सगळं पुढ्यात मांडलं. मी म्हटलं, "हलक्या दाखवा, पोरीचं मनगट दुखेल. खांब नकोत, माझे धुण्याचे आहेत. आणि पिसांची फुलं दोन दिवसांत झडतात. नायलॉनची द्या, हिरव्या पट्टीची, ती सावकाश जातात."

"मावशी, स्पर्धेत उतरताय की काय?"

"उतरले असते, पण समोरचा खेळाडू येत नाही."

का येत नाही, ते त्याला सांगितलं नाही. दादा अंगणात कोसळले, तुम्ही त्यांना उचलून धावलात आणि दवाखान्याच्या दारात मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हीच खेळवून मारलंत त्यांना." दोन वर्षं झाली. दर महिन्याला माझी औषधं आणता, पिशवी फाटकाला अडकवता आणि आत न येता निघून जाता. मी खिडकीतून बघते.

दादा गेल्यावर महिन्याभरातच डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं होतं. शिरा कित्येक वर्षांपासून तुंबत आल्या होत्या. खेळाने घात केला नाही, उलट रोजच्या खेळामुळेच इतकी वर्षं निभावली असतील. हे मी तुम्हाला कळवलं नाही. राग धरला की उभं राहता येत होतं, तो सोडवेना. दोन्ही रॅकेट भंगारात घातल्या, तुमचीही.

ती वर्षं तुम्ही दिलीत, भाऊजी. संध्याकाळी मी भांडी घासत असायचे आणि अंगणातून तुमचा आवाज यायचा, "दादा, हरलात, कबूल करा!" आणि त्यांचं ते खो खो हसणं. माझ्याशी ते असे कधी हसले नाहीत. मला त्याचा हेवा वाटायचा, आज आभार मानावेसे वाटतात. मनापासून मानते.

सेट आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी धुणं लवकर काढलं, खांबांना जाळी बांधली आणि एका रॅकेटची पट्टी सगळी सोडून उलट्या बाजूने गुंडाळली. टोक पायाच्या अंगठ्यात धरलं.

फाटकाची कडी काढून ठेवलेली,
तुमची वहिनी