डाग काठापलीकडे जाण्याआधी

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या मोतीबिंदूसाठी पुढचा शुक्रवार धरलाय. तू येणार म्हणालीस म्हणून हो म्हटलं. डोळ्यात सुरी जाणार, याचीच मला भीती वाटते. तू हात धरलास तरच मी टेबलावर चढेन, नाहीतर नको ती नजर.

आणि तू दिवसभर सूर्याकडे काय बघत बसतेस? घरात एक आंधळा पुरे. शेजारचा न्हावी सांगत होता की सूर्यावरच्या डागांत चुंबक असतं आणि तू ते मोजतेस. मी विचारलं, शिडी कुठून आणली हिनं? खरं काय ते लिही. वेळेवर जेव.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
आजोबा

६ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

शिडी नाही, आणि मी सूर्याकडे बघतही नाही. दुर्बिणीतला उजेड बारीक फटीतून घेऊन त्याचे रंग पसरवते. त्या रंगांत काळ्या रेघा असतात. डागावर आलं की सूर्यातल्या लोखंडामुळे पडलेली रेघ फाटून तिच्या दोन होतात. त्या दोघींतलं अंतर जास्त, तर चुंबक जबर. दोन्ही रेघांच्या उजेडाला उलटसुलट पीळ असतो. तो एका काचेतून ओळखला की डागातल्या चुंबकाची बाजू उत्तर की दक्षिण, ते कळतं.

ती काच मी पुसून परत बसवताना आडवी बसवली. उत्तरेची दक्षिण झाली. वेधशाळेतले आमचे साहेब हरखले, हा डाग बाकीच्यांच्या उलटा, जगावेगळा म्हणून सगळ्यांना कळवायला निघाले. चूक ध्यानात आल्यावर मीच सांगितली. रागावले नाहीत, कळवायला लिहिलेला कागद नुसता फाडला. त्याचंच जास्त लागलं. आता सगळं पुन्हा मोजायचं, आणि शनिवारी डाग सूर्याच्या काठापलीकडे जाईल, मग दिसणार नाही. शुक्रवारी येता येणार नाही. तारीख पुढे ढकलाल का? रागवा, पण अबोला धरू नका.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
भरभरून आशीर्वाद.

ओळी वाकड्या दिसतील, एका डोळ्यावर झाकण आहे. तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग साहेबांचा, मग त्या काचेचा. शुक्रवारी तारीख ढकलायलाच दवाखान्यात गेलो होतो. बाईंनी विचारलं, नात कुठे अडकली. मी म्हटलं, चूक झाली, आपणहून सांगितली, आता निस्तरतेय. त्यावर त्या म्हणाल्या, अशा पोरीच्या आजोबांना भीती कसली? मी नवी तारीख मागेपर्यंत नर्सनं डोळ्यात थेंब टाकलेसुद्धा. हात सोबत आलेल्या न्हाव्यानं धरला. माझ्याआधी त्यानंच डोळे घट्ट मिटून घेतले.

डाग पुरता मोजून झाला का, ते आधी कळव. झाला नसेल तर पुढचा येईल, जिवाला खाऊ नकोस. दुसरा डोळा मी तसाच ठेवलाय. बाईंना बजावलंय, भिंगरी आल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

वाट बघणारा,
आजोबा