आयरिश शिपाई आणि तुमचं पुस्तक

अहो मास्तर,

चौथी शिकलेल्या बाईनं पत्र लिहायचं आणि इतिहासाच्या मास्तरानं त्यात चुका काढायच्या, हे आपलं नेहमीचं. आता काढा की चुका! काल आपल्या नातीनं, रेवानं मला एक प्रश्न विचारला आणि मी उठून पळाले. मी! म्हणून लिहायला बसले.

तीन महिन्यांसाठी आले होते मी इथं डब्लिनच्या ओंगारला, आपल्या लेकाकडं, नितीनकडं. कोरोनानं विमानं बंद पडली, त्याला दीड वर्ष झालं. तुम्ही आलाच नाहीत. म्हणे, आयर्लंडची थंडी गुडघ्यांना सोसायची नाही. बसलात गुडघे सांभाळत कोरेगावात, एकटे.

पण रविवारी नातीची शिकवणी चुकली नाही. फोनच्या काचेत निम्मं कपाळ दिसायचं तुमचं. "स्पेनच्या हातून दक्षिण अमेरिका सुटली, तुर्कांच्या हातून ग्रीस सुटला. जग सुटत होतं रेवा, आणि नेमके तेव्हाच आपण अडकत होतो." पन्नास वर्षं भाकरी थापताना ऐकलंय हे. झोपेत विचारा, म्हणून दाखवीन.

मग गेल्या वर्षीचा तो रविवार. अठराशे तीन साली इथं डब्लिनात इंग्रजांवर उठलेल्या पंचविशीच्या पोराची गोष्ट सांगत होतात. भर रस्त्यात फासावर दिला, आणि देह कुठं पुरला ते आजवर कुणाला ठाऊक नाही. त्याच साली तिकडं इंग्रज मराठ्यांशी लढत होते, आणि त्यांच्या पलटणीत आयरिश शिपाई होते, म्हणालात. रेवा ताडकन म्हणाली, "बट आजोबा, ते पण गुलाम होते ना? मग आपल्याशी फाइट करायला का आले?"

 मग म्हणालात, "पुढच्या रविवारी सांगतो. संदर्भ बघायला हवा."

आणि मी मागून बोलले, "संदर्भ कसला? येत नाही म्हणा की! पस्तीस वर्षं पोरांना काय शिकवलंत कोण जाणे!"

रेवा खिदळली. तुम्हीही हसलात, पण तुमचं हसू अर्ध्यावर राहिलं. ते मी पाहिलं. 

दुसऱ्या दिवशी गेलात जुन्या हेडमास्तरांकडं पुस्तक आणायला. ते खोकत होते म्हणे. तरी बसलात, चहा घेतलात! घरी येऊन फोन केलात, "मिळालं गं!" मी विचारलं, मास्क कुठाय? "हनुवटीला." पुढच्या रविवारी तुम्ही तापात होतात, त्याच्या पुढच्या रविवारी ऑक्सिजनवर, आणि तिसऱ्या रविवारी नव्हतातच. नगरपालिकेच्या माणसांनी जाळलं. राख कृष्णेत सोडली की आणखी कुठं, मला अजून कुणी धड सांगत नाही. त्या पोरासारखंच झालं की हो तुमचं!

आता खरी गोष्ट ऐका. उत्तर मला येत होतं. माझा आजा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतून बसऱ्याला का गेला होता? दुष्काळात घरात दाणा नव्हता म्हणून. पोटासाठी, दुसरं काय! ते आयरिशही तसेच आले असतील. पुस्तक कशाला लागतंय त्याला? पण पन्नास वर्षांत तुम्ही मला चहा मागितलात, टॉवेल मागितलात, इतिहास कधी विचारला नाहीत. आणि मीही त्या दिवशी सांगितलं नाही. तुम्ही अडलेले बघायला बरं वाटलं मला. झालं समाधान.

काल रेवानं विचारलं. तुम्ही गेलात तेव्हाच नितीन फोनवर कुणाशी तरी त्या पुस्तकाचं बोलला, ते तिनं ऐकलेलं. "आजी, आजोबा माझ्या क्वेश्चनसाठी बाहेर गेले? वॉज इट बिकॉज ऑफ मी?"

"भाजी करपतीय," म्हणून मी उठले. शेगडीवर काहीच नव्हतं.

शाळेतल्या बाई म्हणतात, वर्षभरात पोरीनं वर्गात एक प्रश्न विचारला नाही. आम्ही विचारलं की म्हणते, "आय ॲम ग्रँड." म्हणजे झकास. इथं पाय मोडला तरी माणसं ग्रँडच असतात! आम्हाला वाटलं, कोरोनानं बुजली असेल. किती आंधळी मी?

उद्या रविवार. तुमच्या शिकवणीच्या वेळेला तिला समोर बसवते आणि सांगते, प्रश्न तुझा चांगला होता, टोमणा माझा होता. मग बसऱ्याच्या आजाची गोष्ट सांगते. चिडली माझ्यावर तर चिडू दे, बोलली नाही महिनाभर तरी चालेल. पण ती पुन्हा प्रश्न विचारेपर्यंत मी तिच्यासमोरून उठणार नाही, मास्तर. आणि भाजी करपतीय म्हणणार नाही.

तुमची चौथी पास,
द्वारका