अर्धी शिशीसुद्धा नाही

१६ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहिणार, तेही शुद्ध. शाळा दहावीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ सुटलेलं नाही. ओरगडमच्या कारखान्यात मी लेबलं तपासतो. एक अक्षर चुकलं तर सबंध लाइन थांबवतो. लोक घाबरून असतात.

काल मिक्सर खिडकीतून खाली फेकला. हरिप्रियाच्या अंगावर नाही, तिच्या बाजूनं. दोन्हींत फरक आहे, वीतभर. ती चटणी वाटत होती. थांब, असं मी तीनदा म्हटलं होतं. मिक्सर खालच्या रघुरामच्या स्कूटरवर पडला. सीट फाटली.

हरिप्रिया माहेरी गेली, मैलापूरला.  जाताना दार हळू लावलं.

निश्चय: राग सोडणे. रघुरामशी गोड बोलणे. हातोडा माळ्यावर ठेवणे.

१८ डिसेंबर, बुधवार
हातोडा माळ्यावर ठेवला.

रघुरामशी गोड बोलायला गेलो. स्कूटर जिवंत आहे का बघतो, म्हणाला, आणि माझ्या तोंडासमोर हॉर्न वाजवला. हातोडा वर असल्यामुळे चपलेवर भागवलं. हॉर्न गेला. त्याच्या नाकातून थोडं रक्त आलं, पण नाक त्यानंच मध्ये खुपसलं होतं.

भांडणाच्या आधी नेहमीसारखी डाव्या डोळ्यासमोर करवतीच्या दात्यांसारखी चमकती रेघ आली. ट्यूबलाइटचा दोष. वीज मंडळाला तिसरं पत्र लिहिलं. नंतर दोनदा ओकलो. ओला टॉवेल तोंडावर घेऊन पाच तास अंधारात पडून राहिलो.

हा राग आहे. डोस्कं दुखणं वेगळं. ते हरिप्रियाला होतं. डॉक्टरांनी तिला ओत्तै तलैवली सांगितली आहे, म्हणजे अर्ध्याच डोक्याचं दुखणं. दाराला चादर लावून निजते. मला ते नाटक वाटतं. अर्धंच डोकं कसं दुखेल?

२१ डिसेंबर, शनिवार
मामांचा फोन. मामा म्हणजे हरिप्रियाचे वडील, व्यंकटेशराव. म्हणाले, ऐक बा एकोजी, आधी डोस्कं तपासून घे, कागद आण, मग पोंगलला ये, मुलीला विचारू. म्हटलं, माझं डोकं ठीक आहे. तर म्हणाले, तेच लिहून आण की!

देव आहे. कंपनीच्या बसमध्ये आजच एक कागद चिकटवलेला दिसला. अड्यारच्या एका प्रयोगशाळेला डोकेदुखी मुळीच नसलेली माणसं हवी आहेत. हेडेकचं स्पेलिंग चुकलं होतं. पेनानं सुधारलं आणि फोन केला.

२८ डिसेंबर, शनिवार
प्रयोगशाळेत यश म्हणून संशोधक आहे. नाशिकचा. माझ्या तोंडून मराठी ऐकून इतका खूश झाला की फॉर्म बाजूला ठेवून सगळं मराठीतच विचारायला लागला. त्याचं मराठी टीव्हीवरच्यासारखं. डोकं दुखतं? नाही. चक्कर? नाही. रागाबद्दल विचारलं नाही.

मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, अर्धशिशी?

मी त्याची कॉलर धरली. आमच्या घरात तंजावरच्या पूर्वजांपासून कुणी बाटलीला शिवलेलं नाही. म्हटलं, अर्धी काय, पाव शिशीसुद्धा नाही! तो हात जोडून म्हणाला, बरं दादा, नाही लिहितो, गळा सोडा. शिवाय वहीत त्यानं शब्द जोडून लिहिला होता. मी मधे रेघ मारून दोन शब्द करून दिले. पीएचडी करणाऱ्याची ही अवस्था.

माझ्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: कंट्रोल १४. एका भेटीत माणूस ओळखला त्यांनी. मामांना लगेच कळवलं की मी पूर्ण कंट्रोलमध्ये असल्याचं प्रयोगशाळेनं लिहून दिलंय. मामांनी विचारलं, शिक्का आहे? म्हटलं, आहे. मग ये पोंगलला, म्हणाले.

४ जानेवारी, शनिवार
मोजणी झाली. केसांत चिकट मलम, डोक्याच्या मागे तारा. समोर स्क्रीनवर काळे-पांढरे चौकोन, सेकंदाला दोनदा काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. मधल्या लाल ठिपक्याकडे बघत बसायचं. यशनं समजावलं की प्रत्येक बदलाला मेंदू आतून एक झटका देतो. पुन्हा पुन्हा तेच दाखवलं की बहुतेकांचा मेंदू कंटाळतो, झटका लहान होतो. काही डोकी कंटाळत नाहीत. त्यांना प्रत्येक वेळी पहिल्यासारखंच लागतं, कधी जास्तच.

मी ठरवलं, कंटाळायचं नाही. दहा हजारावं लेबलही मी पहिल्यासारखं बघतो.

पाचव्या फेरीपर्यंत पापणी हलवली नाही. सहाव्या फेरीला ते करवतीचे दाते आले. स्क्रीनवर ठोसा मारला. काच फुटली, मनगट फाटलं. तारा केसांसकट उपटल्या. यशच्या अंगावर ओकलो. म्हटलं, तुमचीही ट्यूबलाइट बदला.

अंग पुसत त्यानं विचारलं, दादा, असं नेहमी होतं? म्हटलं, रागात होतं. महिन्यातून कितीदा? तीन-चारदा. उजेड सोसतो? नाही. आवाज? शत्रूचा सोसेन, मिक्सरचा नाही. त्याचं पेन थांबलं. मग फार हळू म्हणाला, अर्धशिशी म्हणजे काय, ठाऊक आहे ना तुम्हाला?

मी हात उगारला. तो टेबलाखाली गेला.

११ जानेवारी, शनिवार
प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टर जननी यांनी रिपोर्ट दाखवला. पहिल्या फेरीत माझ्या मेंदूच्या झटक्याची लाट सहा, पाचव्या फेरीत अकरा. मी विचारलं, पहिला नंबर का? त्या म्हणाल्या, नुसत्या आलेखावरून ठरत नाही, पण तुम्ही यशला जे सांगितलंत ते धरून ही ओत्तै तलैवली आहे. कंट्रोल म्हणजे न दुखणाऱ्या डोक्यांचा गट. त्यातून तुमचं नाव काढलं.

यशनं टेबलापलीकडून वही पुढे केली. अर्धशिशी. ओत्तै तलैवलीलाच मराठीत तसं म्हणतात. एकच शब्द. जोडूनच लिहितात. मी मारलेली रेघ तिथेच होती. लाज वाटली.

बसमध्ये मात्र आनंद झाला. म्हणजे राग नव्हताच! मिक्सर मी फेकला नाही, लाटेनं फेकला. कागदावर शिक्काही आहे. हरिप्रिया घरी आल्यावर नवा मिक्सर आणू. कमी आवाजाचा.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी
पहाटेपासून गल्लीत जुनं सामान जाळताहेत. धूर. ढोल. रघुराम माझ्या दारासमोर मुद्दाम बडवत होता. शांतपणे खाली गेलो आणि ढोलात पाय घातला. पाय आत अडकला. तेवढ्यात त्यानं मला डोळ्यावर एक, बरगडीवर दोन दिल्या. मी त्याच्या दंडाला चावलो. मग खाली पडल्या पडल्या रिपोर्ट काढून दाखवला, की मी आजारी आहे, मला दोष देता येत नाही.

त्यानं नीट वाचला. मग भोगीच्या जाळात टाकला.

१४ जानेवारी, मंगळवार. पोंगल
मैलापूरला गेलो. एक डोळा बंद. हातात रिपोर्टचा जळका कोपरा, शिक्क्याचा. मामा म्हणाले, हा कंट्रोल का?

हरिप्रिया आतल्या खोलीत. दाराला चादर. कालच्या धुरानं तिचं डोकं धरलं होतं. मी बाहेरून सगळं सांगितलं: लाटा, सहा, अकरा, अर्धशिशी, एक शब्द. माझा दोष नाही, घरी चल.

 आतून ती अगदी हळू म्हणाली, मला आठ वर्षं आहे हो ते. मी कधी टाकला तुमच्यावर मिक्सर?

 दारावर लाथ मारली.

आत ती कण्हली. तो आवाज माझ्या ओळखीचा निघाला. टॉवेलाखाली मी तस्साच कण्हतो.

मामांनी डब्यात सणाचा गोड पोंगलभात दिला. दार हळू लावलं.

१६ जानेवारी, गुरुवार
हरिप्रियाचा मेसेज आला. इंग्रजीत, दोनच शब्द. नॉट कमिंग.

स्पेलिंग तपासलं. दोनदा. चूक नाही.